डोळा किती वाट पाहतो?

(जालना जिल्ह्यातील मंठा तालुक्यात, ऊसतोडीला निघण्यापूर्वी भरलेल्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा हा मजकूर आहे. समोर भिल्ल वस्तीतील आणि शेजारच्या तांड्यांवरील स्त्री-पुरुष, अंगणवाडी सेविका, आशाताई आणि दोन मुकादम होते.)



दसरा झाला. दिवाळी झाली की गाड्या लागतील. पुढचे चार-पाच महिने तुम्ही उसाच्या फडावर असाल. कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी कर्नाटकात. बरोबर काय न्यायचे याची यादी प्रत्येक घरात ठरलेली आहे. पीठ-मीठ, भांडीकुंडी, ताडपत्री, कोयता. आज त्या यादीत एक गोष्ट वाढवायला मी आले आहे. तिचे ओझे होत नाही. ती डोक्यात न्यायची आहे.

आपला डोळा कोणकोणत्या भागांचा बनलेला आहे आणि तो पाहतो कसा, हे मी सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, हे शाळेतल्या पोरांचे काम. आम्हाला डोळ्याने दिसते, एवढे पुरे. पण डोळ्याचे एक वेगळेपण आहे. त्याचा एक भाग बिघडला तर महिनाभर थांबले तरी चालते, दुसरा बिघडला तर एक दिवससुद्धा थांबून चालत नाही, आणि एखादा असा आहे की तो एकदा गेला की जगातला कोणताही डॉक्टर परत आणू शकत नाही. त्यामुळे डोळा दुखला की दोन प्रश्न विचारायचे. कोणता भाग दुखावला? आणि त्याच्याजवळ वेळ किती आहे? डोळ्याचे भाग ओळखता आले, तरच या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता येते.

पत्र्याच्या घरातला कवडसा

दुपारी पत्र्याच्या घरात बसलात की खिळ्याच्या भोकातून ऊन आत येते आणि जमिनीवर कवडसा पडतो. भोक कसेही वेडेवाकडे असू द्या, वरचा पत्रा पुरेसा उंच असेल तर कवडसा गोलच पडतो. असे का? कारण तो भोकाचा आकार नसतो. ते सूर्याचे चित्र असते.

आता तेच घर पूर्ण अंधारे करा, दाराला एकच बारीक भोक ठेवा आणि समोर पांढरे कापड धरा. बाहेरचे लिंबाचे झाड त्या कापडावर उमटेल, पण उलटे. प्रकाश सरळ रेषेत चालतो. झाडाच्या शेंड्यावरून निघालेला किरण भोकातून आत येताना खाली उतरतो, बुंध्यावरून निघालेला वर जातो. म्हणून शेंडा खाली, बुंधा वर.

आपला डोळा ही अशीच एक अंधारी खोली आहे. मध्यम आवळ्याएवढी, सुमारे २४ मिलिमीटर व्यासाची. पुढे उजेड आत यायची जागा आहे आणि मागे चित्र उमटायचा पडदा. भोक बारीक ठेवले तर चित्र स्वच्छ पण अंधुक येते, मोठे ठेवले तर उजेड भरपूर पण चित्र पसरते. डोळ्यात भोक मोठे आहे आणि त्याला भिंगाची जोड आहे. पसरलेला उजेड भिंग पुन्हा एका ठिकाणी गोळा करते.

आता उजेड ज्या वाटेने आत जातो, त्याच वाटेने आपण जाऊ.

दारावरचे राखणदार: पापण्या आणि आसवे

पापण्यांचे केस धूळ अडवतात. पापणी मिनिटाला पंधरा-वीस वेळा लवते आणि दर वेळी डोळ्यावर आसवांचा हात फिरवते. आसवे फक्त रडण्यासाठी नसतात. डोळ्याच्या वर, बाहेरच्या बाजूला एक ग्रंथी असते, ती दिवसभर थोडे थोडे पाणी सोडत असते. या पाण्यात जंतू मारणारे पदार्थ असतात. वापरलेले पाणी नाकाजवळच्या कोपऱ्यातल्या दोन बारीक छिद्रांतून नाकात उतरते. म्हणून रडल्यावर नाक गळते, आणि डोळ्यात औषधाचा थेंब टाकला की घशात कडू लागते.

डोळ्यात साधा कचरा गेला की आसवेच तो बाहेर काढतात. आपण स्वच्छ पाण्याने मदत करायची, चोळायचे नाही. गावात अजूनही जिभेने कण काढून देणाऱ्या बाया आहेत. त्या प्रेमाने करतात, पण तोंडातले जंतू डोळ्यात जातात. पदराचे टोक, काडी, सुई यांतले काहीही डोळ्याला लावू नका.

समोरची काच: बुबुळ

डोळ्याचा काळा भाग आपल्याला दिसतो, त्याच्यावर घड्याळाच्या काचेसारखी एक पारदर्शक काच असते. पुस्तकात तिला पारपटल म्हणतात, आपण सगळ्याला मिळून बुबुळच म्हणतो. ही काच मधोमध जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते. उजेड वळवण्याचे जवळजवळ दोन तृतीयांश काम हीच करते, भिंगापेक्षाही जास्त.

हिच्यात एकही रक्तवाहिनी नसते. रक्तवाहिन्या असत्या तर त्यांच्या आडून दिसले कसे असते? हवेतला प्राणवायू आसवांतून घेऊन आणि आतल्या पाण्यातून पोषण घेऊन ती जगते. पण याच गोष्टीत तिचा दुबळेपणाही आहे. शरीरात दुसरीकडे कुठे जखम झाली की रक्त धावून येते आणि जंतूंशी लढते. इथे ती मदत उशिरा पोचते. मात्र मज्जातंतू हिच्यात भरपूर असतात, म्हणून एवढासा कण गेला तरी जीव कासावीस होतो. ही वेदना म्हणजे डोळ्याने मारलेली हाक आहे.

काचेच्या अगदी वरच्या थराला खरचटले तर तो एक-दोन दिवसांत भरून येतो, मागे डागही राहत नाही. पण जखमेत जंतू किंवा बुरशी शिरली आणि खालच्या थरात उतरली, तर तिथे व्रण होतो. व्रण बरा झाला तरी पांढरा डाग ठेवून जातो. आपण म्हणतो, डोळ्यात फूल पडले. ते फूल बुबुळाच्या मधोमध पडले तर त्या डोळ्याने दिसत नाही.

हे तुम्हालाच का सांगायचे? उसाच्या पानाची कड करवतीसारखी असते, ते तुमच्या हातांवरच्या ओरखड्यांनी तुम्हाला माझ्याआधी सांगितले आहे. पहाटेच्या अंधारात तोडायला सुरुवात होते. वाकून ऊस धरताना, पाचट ओढताना, डोक्यावर मोळी घेऊन गाडीकडे चालताना पान सपकन डोळ्यावर येते. पानावर माती असते आणि मातीत बुरशी. शेतातल्या काडी-पानाने झालेल्या जखमेत बुरशी शिरण्याचा धोका फार मोठा असतो. बाजरीचे कणीस, कापसाची पळाटी, तुरीची काडी, सगळ्यांना हेच लागू आहे.

एका बाईचे सांगते. नाव सांगत नाही. जानेवारीत फडावर पान लागले. डोळा लाल झाला, पाणी वाहू लागले. दवाखान्यात जायचे तर खाडा पडणार, म्हणून चौथ्या दिवसापर्यंत तशीच कोयता चालवत राहिली. मग कोणीतरी दुकानातून थेंब आणून दिले. ते टाकल्यावर दोन दिवस लाली आणि ठणका कमी झाला. सगळ्यांना वाटले, बरे झाले. आत बुरशी वाढतच होती. होळीला गाव गाठले तेव्हा बुबुळावर पांढरे फूल होते.

त्या थेंबांविषयी नीट ऐका. दुकानात मिळणाऱ्या काही थेंबांत स्टिरॉइड नावाचे औषध असते. ते सूज आणि लाली झटपट उतरवते, म्हणून लोकांना आवडते. पण ते शरीराची लढण्याची ताकदही दाबून टाकते. बुरशीला रान मोकळे मिळते. योग्य आजारात, डॉक्टरांच्या नजरेखाली ते चांगले औषध आहे. पानाने जखम झालेल्या डोळ्यात, कोणाच्या तरी सांगण्यावरून टाकले तर ते डोळा घालवते. दुसऱ्याच्या डोळ्यासाठी आणलेली, उघडलेली बाटली वापरू नका. आईचे दूध, मध, कांद्याचा रस, पाल्याचा रस यांतलेही काही नको.

मग करायचे काय? स्वच्छ पाण्याने डोळा धुवा. चोळू नका, घट्ट पट्टी बांधू नका. आणि त्याच दिवशी जवळच्या आरोग्य केंद्रात जा. किती लवकर जायचे, याचा एक चांगला पुरावा आपल्या शेजारच्या नेपाळमधून मिळाला आहे. भक्तपूर भागात गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी, म्हणजे आपल्या आशाताईंसारख्या माणसांनी, बुबुळाला खरचटलेल्या लोकांच्या डोळ्यांत जंतुनाशक मलम घातले. दिवसातून तीन वेळा, तीन दिवस. २००१ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. जखम झाल्यापासून १८ तासांच्या आत ज्यांचे मलम सुरू झाले, त्यांच्यापैकी एकालाही व्रण झाला नाही. उशीर झालेल्यांपैकी काहींना झाला.

मलम साधे, काम करणारी माणसे गावातलीच. फरक पडला तो फक्त वेळेने. म्हणून मुकादम भाऊंना माझी हात जोडून विनंती आहे. टोळीत कोणाच्या डोळ्याला पान लागले, तर त्या दिवसाचा खाडा धरू नका. त्याला गाडीवर बसवून दवाखान्यात पोचवा. एक दिवस गेला तर तो भरून काढता येतो. डोळा गेलेला माणूस पुढच्या वर्षी कोयता धरू शकत नाही, आणि तुमची उचलही फिटत नाही.

दुसऱ्या दिवशी दुखणे वाढले, उजेड सहन होईना किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर आरोग्य केंद्रावर थांबू नका. डोळ्याच्या डॉक्टरांकडेच जा. इकडे असाल तर जालन्याचे जिल्हा रुग्णालय आहे, श्री गणपती नेत्रालय आहे, छत्रपती संभाजीनगरला घाटी आहे. बुरशीचे औषध वेगळे असते आणि ते कित्येक आठवडे टाकावे लागते. मध्येच सोडायचे नाही.

जिथे मिनिटे मोजायची

याच काचेला आणखी दोन शत्रू आहेत, आणि त्यांच्यासाठी दिवस काय, तासही फार झाले.

पहिला चुना. तंबाखूबरोबरची चुन्याची पुडी किंवा नळी पोरे दाबून खेळतात आणि ती डोळ्यावर फुटते. चुना बुबुळाला नुसता भाजत नाही, आत आत उतरत जातो. अशा वेळी गाडी शोधू नका, आधी पाणी शोधा. पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याची धार अर्धा तास सोडत राहा. पोर रडेल, तरी सोडा. चुन्याचे कण दिसले तर ओल्या स्वच्छ कापडाने टिपा. त्यानंतर दवाखाना. फवारणीचे औषध किंवा बॅटरीचे पाणी डोळ्यात गेले तरी हेच करायचे. आणि घरी गेल्यावर आजच चुन्याची पुडी पोरांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा.

दुसरा शत्रू आपल्या जालना शहरातलाच. इथे लोखंडी सळ्यांचे कारखाने आहेत, वेल्डिंगची दुकाने आहेत, आणि तुमच्यापैकी कित्येकांची मुले तिथे कामाला जातात. काळी काच न लावता वेल्डिंगकडे पाहिले तर त्या प्रखर किरणांनी बुबुळाचा वरचा थर भाजतो. त्या वेळी काहीच कळत नाही. सहा-आठ तासांनी, मध्यरात्री, डोळ्यांत वाळू भरल्यासारखे होते. हे बहुधा एक-दोन दिवसांत बरे होते, तरी डॉक्टरांना दाखवा. लोखंडाचा कण उडून डोळ्यात रुतला तर मात्र तो स्वतः काढू नका, मित्राकडून चुंबकाने काढून घेऊ नका. डोळ्यावर चहाचा कागदी कप अलगद ठेवून चिकटपट्टी लावा, म्हणजे डोळ्यावर दाब येणार नाही, आणि थेट डोळ्याच्या दवाखान्यात जा.

बाहुली आणि भिंग: इथे थोडा वेळ आहे

काचेच्या मागे रंगीत पडदा आहे, आणि त्याच्या मधोमध बाहुली. दुसऱ्याच्या डोळ्यात जवळून पाहिले की आपलीच चिमुकली छबी दिसते ना, तीच ही बाहुली. खरे तर ते एक भोक आहे. भर दुपारी बाहेरून घराची खिडकी काळी दिसते, तशी बाहुली काळी दिसते. उन्हात ती दोनेक मिलिमीटरपर्यंत आकसते, अंधारात सात-आठपर्यंत उघडते. उन्हातून एकदम घरात आलात की क्षणभर काही दिसत नाही, त्याचे एक कारण हेच.

आयांनी एक लक्षात ठेवावे. लहान मुलाची बाहुली काळीऐवजी पांढरी चमकताना दिसली, किंवा मोबाईलच्या फोटोत एका डोळ्यात पांढरे दिसले, तर त्याच आठवड्यात डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवा. तो जन्मजात मोतीबिंदू असू शकतो, किंवा डोळ्यातला कर्करोग. वेळेत सापडला तर मूल वाचते.

बाहुलीच्या मागे भिंग आहे, मसुरीच्या दाण्याच्या आकाराचे, पण मोठे. ते लवचिक असते. जवळचे पाहताना फुगते, लांबचे पाहताना सपाट होते. वय वाढते तसे ते ताठ होते. चाळिशीच्या आसपास सुईत दोरा ओवताना हात लांब न्यावा लागतो. म्हणून तर त्या चष्म्यालाच आपण चाळिशी म्हणतो. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

पुढे हेच भिंग गढूळ होते. कच्च्या अंड्याचा पारदर्शक बलक-भोवतालचा भाग उकडल्यावर पांढरा होतो, तसेच काहीसे. हा मोतीबिंदू. मोतीबिंदू वेदना देत नाही, हळूहळू नजर कमी करतो. इथे आठवडे, महिने थांबले तरी साधारणपणे बिघडत नाही, कारण मागचा पडदा शाबूत असतो. पण “पिकू द्या, मग काढू” ही जुनी समजूत आता सोडा. पूर्वी तसे करावे लागे, आज त्याची गरज नाही. फार पिकलेले भिंग उलट डोळ्यातला दाब वाढवू शकते. मग दुखणे सुरू होते आणि घाई करावी लागते.

गढूळ भिंग काढून त्या जागी नवे बसवतात. ही कल्पना कशी निघाली, ते ऐकण्यासारखे आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेचे, म्हणजे एका प्रकारच्या प्लॅस्टिकचे, तुकडे घुसत. हॅरोल्ड रिडली या डॉक्टरांच्या लक्षात आले की हे तुकडे डोळ्यात राहिले तरी डोळा चिडत नाही. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनमध्ये त्यांनी तशाच पदार्थाचे भिंग एका रुग्णाच्या डोळ्यात बसवले. त्याआधी मोतीबिंदू काढल्यावर बाटलीच्या तळासारखा जाड चष्मा लावावा लागे. आपल्या मराठवाड्यातले, लातूर जिल्ह्यातले डॉ. तात्याराव लहाने यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात आणि ठिकठिकाणच्या शिबिरांत एक लाखाहून अधिक अशा शस्त्रक्रिया केल्या. २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सरकारी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया मोफत होते. घरात म्हातारी भिंत चाचपडत चालत असेल, तर “वय झाले” म्हणून सोडून देऊ नका. तुम्ही फडावर गेल्यावर मागे नातवंडे तिच्याच नजरेवर असतात. निघण्याआधी तिला दाखवून जा.

मागचा पडदा आणि शेवग्याचा पाला

भिंगातून गेलेला उजेड मागच्या पडद्यावर, दृष्टिपटलावर पडतो. इथेच ते उलटे चित्र उमटते. पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. सुमारे ६० लाख शंकूच्या आकाराच्या, त्या दिवसा काम करतात आणि रंग ओळखतात. सुमारे १२ कोटी दांड्याच्या आकाराच्या, त्या अंधुक उजेडात काम करतात. म्हणून चांदण्यात वाट दिसते, पण लुगड्याचा रंग कळत नाही.

या दांडीपेशींत उजेड पकडणारा एक रंगीत पदार्थ असतो, आणि तो बनवायला ‘अ’ जीवनसत्त्व लागते. ते शरीर स्वतः तयार करत नाही, अन्नातून मिळवावे लागते. ते कमी पडले की आधी दांडीपेशी थकतात. मूल दिवसा खेळते आणि दिवेलागणीला ठेचाळू लागते. हा रातांधळेपणा. इथेच सावध झालो नाही, तर डोळ्याच्या पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखे डाग येतात, मग बुबुळ कोरडे पडते, आणि शेवटी ते मऊ होऊन फुटते. गोवर किंवा जुलाब झालेल्या अशक्त मुलात हे थोड्याच दिवसांत घडू शकते.

म्हणून सरकार मुलांना ‘अ’ जीवनसत्त्वाचे डोस देते. पहिला नवव्या महिन्यात, गोवराच्या लसीबरोबर. मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी. एकूण नऊ. आता हिशोब करा. तुम्ही चार-पाच महिने बाहेर असता. एक डोस त्या काळात येऊ शकतो. पोर कोपीत असते, आणि नाव गावच्या अंगणवाडीत. असे दर वर्षी झाले तर नवातले चार-पाच डोस बुडतात. यासाठी माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर न्या. ताडपत्रीत नको, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बाईच्या बटव्यात ठेवा. फडाजवळच्या गावात गेल्यावर तिथल्या अंगणवाडीत किंवा आशाताईंना ते कार्ड दाखवा आणि डोस मागा. कार्ड पाहिले की कितवा डोस द्यायचा ते त्यांना लगेच कळते. जास्तीचा डोस मात्र मागू नका, तो त्रास देतो.

डोसाबरोबर ताटातही बघा. शेवग्याचा पाला आपल्या दारात आहे, आपण शेंगा खातो आणि पाला शेळीला घालतो. तांदुळजा, अंबाडी, हादगा, लाल भोपळा, पिकलेली पपई, अंडे, दूध, यांत हेच जीवनसत्त्व मिळते. ते तेलात विरघळते, म्हणून पाल्याला थोड्या तेलाची फोडणी हवी. नुसता उकडलेला पाला खाल्ला तर अंगाला कमी लागतो.

आत जाणारी दोरी

पडद्यावरच्या चित्राची बातमी मेंदूकडे नेणारी दोरी म्हणजे दृष्टीची नस. हिच्यात दहा लाखांहून अधिक तंतू असतात. ती जिथून बाहेर पडते, तिथे पडद्यावर पेशीच नसतात, म्हणजे तिथे प्रत्येक माणूस आंधळा असतो. खोटे वाटते? आत्ता करून बघा. दोन्ही हात समोर लांब करा, अंगठे शेजारी उभे धरा. डावा डोळा झाका. उजव्या डोळ्याने डाव्या अंगठ्याकडेच टक लावून बघत उजवा अंगठा हळूहळू उजवीकडे न्या. वीतभराहून थोडे कमी अंतर गेले की अंगठ्याचे टोक गायब होईल. आणखी सरकवा, परत येईल. दुसरा डोळा ती जागा भरून काढतो, म्हणून आपल्याला रोज ती रिकामी जागा जाणवत नाही.

याच भरून काढण्यामुळे एक आजार लपून राहतो. डोळ्याच्या आत पाणी सतत तयार होते आणि वाहून जाते. वाहून जायची वाट अडली की दाब वाढतो आणि नसेचे तंतू मरू लागतात. हा काचबिंदू. नाव मोतीबिंदूसारखे आहे, पण दोघांत फार फरक आहे. मोतीबिंदूत गेलेली नजर शस्त्रक्रियेने परत येते. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी औषधाने राखता येते. बहुतेकांत तो दुखत नाही. कडेची नजर आधी जाते, समोरचे दिसत राहते, त्यामुळे माणसाला पत्ता लागत नाही. घरात कोणाला काचबिंदू असेल, किंवा मधुमेह असेल, तर चाळिशीनंतर दर वर्षी डोळे तपासून घ्या. आणि अचानक डोळा भयंकर दुखून उलटी झाली, दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली, किंवा नजरेसमोर एकदम पडदा ओढल्यासारखे झाले, तर सकाळची वाट पाहू नका.

पाहायला शिकणारा मेंदू

नस जाते डोक्याच्या मागच्या भागात. तिथे मेंदू उलटे चित्र सुलटे समजून घेतो, दोन डोळ्यांची दोन चित्रे एक करतो. पण हे काम तो जन्मतः शिकून येत नाही. पहिल्या सात-आठ वर्षांत शिकतो. त्या काळात मुलाचा एक डोळा तिरळा असेल किंवा त्याला मोठा नंबर असेल, तर मेंदू त्या डोळ्याची बातमी घेणेच सोडून देतो. डोळा दिसायला चांगला, पण नजर आळशी. मोठेपणी कितीही भारी चष्मा लावला तरी ती पूर्ण येत नाही. तिरळेपणा भाग्याचा, मोठेपणी आपोआप जाईल, असे म्हणून बसू नका. शाळेत आणि अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टर तपासायला येतात. त्या दिवशी मूल हजर ठेवा. ते फडावर असेल, तर परत आल्याबरोबर ताईंना आठवण करा.

बरोबर न्यायचा हिशोब

आता सगळे एकत्र सांगते. आशाताई, तुम्ही हे प्रत्येक टोळीत पुन्हा सांगा.

चुना, फवारा, बॅटरीचे पाणी: मिनिटे. आधी पाणी, मग दवाखाना.
उसाचे पान, काडी, लोखंडाचा कण: तोच दिवस.
एकाएकी गेलेली नजर, भयंकर ठणका: तीच रात्र.
मुलाची पांढरी बाहुली: तोच आठवडा.
‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस: दर सहा महिने, कुठेही असलात तरी.
म्हातारीचा मोतीबिंदू: या हंगामाआधी, नाहीतर परत आल्याबरोबर.
तिरळा डोळा: दिसला की लगेच, सात वर्षांच्या आत.

आणि एक शेवटचे. ज्यांच्या बुबुळावर फूल पडले आहे, त्यांचीही आशा संपलेली नसते. ज्यांचा मागचा पडदा आणि नस चांगली आहे, त्यांना दुसऱ्या माणसाचे बुबुळ बसवता येते. ते मृत्यूनंतर दिलेल्या डोळ्यांतूनच मिळते. मृत्यूनंतर साधारण सहा तासांत डोळे काढावे लागतात. घरच्यांनी पापण्या मिटवायच्या, त्यांवर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा आणि नेत्रपेढीला कळवायचे. चष्मा असला, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असली, तरी बुबुळ देता येते. चेहरा विद्रूप होत नाही. याचा निर्णय प्रत्येक घराने आपल्या मनाने करावा. मी एवढेच म्हणेन की फडावर फूल पडलेला डोळा घेऊन परतलेली माणसे आपल्याच वस्त्यांत आहेत, आणि त्यांना लागणारे बुबुळ बाजारात विकत मिळत नाही.

तुम्ही सुखरूप जा आणि परत या. जेवढे डोळे इथून निघतील, तेवढे सगळे पाहते परत यावेत. आता चहा घेऊ. अंगणवाडीच्या ताई मागच्या बाजूला बसल्या आहेत, मुलांची कार्डे त्यांना दाखवूनच घरी जा.